मंगळावरचा लाल

असल्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. गणिताचा मास्तर मी, सिद्ध झाल्याशिवाय काही मानत नाही. तरीही लिहितोय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

मी जन्मापासून रंगांध आहे. लाल आणि हिरवा मला सारखेच मातकट दिसतात. यापायीच तरुणपणी रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास झालो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जळगावातलं आमचं घर. एरंडोलहून माझी मोठी बहीण, अक्का, आली होती. माझी मुलगी शलाका आम्हाला टीव्हीवर मंगळाचे फोटो दाखवत होती... मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून काढलेले, रंगीत. वाळूच्या लाटा, दऱ्या, खड्डे. एका फोटोपाशी मी ताठ बसलो.

"शलाका, त्या खड्ड्याच्या कडेला कोणता रंग आहे?"

"लाल, पप्पा. का?"

असा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. मातकट नाही... वेगळाच, अंगावर येणारा. मी तसं बोलून दाखवलं.

शलाकाला वाटलं, मी गंमत करतोय. तिने मला बाहेर पाठवलं, फोटोतला लाल बदलून हिरवा केला आणि आत बोलावलं.

"गेला," मी म्हणालो.

पुन्हा लाल केला. "आला."

कितीतरी वेळा करून पाहिलं, एकदाही चुकलो नाही. मग तिने त्याच टीव्हीवर टोमॅटोचा फोटो लावला — मातकट!

अक्का उठून माझ्यासमोर उभी राहिली. "मन्हं कुंकू दख बरं. लाल शे ना?"

पाहिलं. तेही मातकटच. मी नकारार्थी मान हलवली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टीव्हीकडे बोट केलं.

"तठे दिसस ना? मंग तठे दख."

शलाका मात्र घाबरली. मेंदूत काही बिघाड तर नाही? दुसऱ्याच दिवशी मला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. बिघाड काही नाही, आणि रंगांधळेपणाही होता तसाच. मी त्यांच्यासमोर त्या फोटोतला लाल ओळखून दाखवला. ते "असं व्हायला नको," एवढंच म्हणाले.

तो फोटो उघडला की आजही लाल दिसतो. फक्त त्याच फोटोत. का, ते मला माहीत नाही. कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा. फक्त भास झाला असेल, असं म्हणू नका... जो रंग कधी पाहिलाच नव्हता, त्याचा भास कसा होईल?