चिंचेनं घासलेला खंडोबा

चिंचेनं पितळ घासताना येणाऱ्या आंबूस वासासरशी मला कुंभकोणमची ती सकाळ आठवते. अंदमानात मी दोन खोल्यांचं घर विकत घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि आईच्या मागे माझ्याकडे आलेला पितळी खंडोबा मी परसात बसून घासत होते. तेवढ्यात काका आले आणि ओला देव त्यांनी माझ्या हातातून काढून मुठीत धरला. "समुद्र ओलांडून देव न्यायचे नसतात गे. तुला जायचं तर जा, हा इथंच राहील." मी चिंचेनं माखलेले हात तसेच पुढं केले. "आपल्या माणसांनी महाराष्ट्रातून घोड्यावर बसवून याला इथं आणला, तेव्हा वाटेतल्या नद्या ओलांडू नका असं कुणी म्हणालं होतं का?" काकांची मूठ काही उघडेना. आयुष्यात कधी त्यांना उलट बोलले नव्हते मी, त्या दिवशी मात्र त्यांची बोटं एकेक करून मीच सोडवली. इथल्या खाऱ्या वाऱ्यानं खंडोबा आठ दिवसांत काळा पडतो. पडू दे. चिंचेचं झाड मी दारातच लावलंय.