छोट्या धक्क्यांचं शास्त्र

सत्तरच्या दशकात कोयनेच्या खोऱ्यात भूकंपमापक यंत्रावर मी निरीक्षक होतो. निरीक्षक म्हणजे काय, तर फिरत्या नळकांड्यावरचा काजळी धरलेला कागद रोज सकाळी बदलायचा आणि सुईने ओढलेल्या रेघा मोजायच्या. एवढ्या भांडवलावर मी गावात शास्त्रज्ञ म्हणून मिरवत असे. पारावर गेलो की म्हातारेकोतारे सरकून जागा करायचे, आणि मला त्यात काही गैर वाटत नसे.

आमचे साहेब माझ्याहून थोर. महिन्याकाठी सांगलीहून जीपने यायचे, रेघांवरून उडती नजर फिरवायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, "छोटे धक्के बसतायत ना? उत्तम. जमिनीचा जोर निघून जातो." हे त्यांनी कुठे वाचलं होतं कोण जाणे. मी मात्र ते जसंच्या तसं उचललं.

माझी थोरली बहीण त्याच गावात दिलेली. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपात घर पडल्यापासून ती पत्र्याच्या शेडात राहत होती आणि तिथेच सुखी होती. दाजी पलटणीतून पेन्शनीत आले ते दगडी घराचा हट्ट घेऊनच. दोन हात रुंद भिंत, मातीत रचलेली. आमच्या भागात माणसाची पत भिंतीच्या जाडीवर ठरते. आक्का म्हणाली, "लाकडाचा सांगाडा करा, वर पत्रा घाला. दगूड नगं." दाजींनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं यंत्र काय म्हंतंय, पाव्हणं?"

"मोठा धक्का आता येत नाही," मी ऐटीत म्हणालो. "जोर निघून गेलाय."

शिकलेल्या भावापुढे आक्का काय बोलणार!

घराला वर्ष व्हायच्या आत एका दुपारी ती भिंत आक्काच्या पायांवर कोसळली. धक्का काही फार मोठा नव्हता. कागदावर जेमतेम बोटभर रेघ. जीव वाचला, पण आक्का पुन्हा कधी चालली नाही.

साहेबांनी अहवाल मागवला. धोका नाही असं कोणी सांगितलं होतं, हा रकाना त्यात नव्हता. नुकसानीच्या कारणापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निकृष्ट बांधकाम'. अंगठ्यासाठी कागद आक्कापुढे धरला.

"काय लिवलंयस रं?" तिने विचारलं.

"भूकंपाचंच लिहिलंय."

"बरं केलंस. तुझ्या दाजींवर यायला नगं," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.