पोस्टरवरची मुलगी

गिअरताईच्या ड्रायव्हिंग स्कूलसमोरच्या भिंतीवर एका सकाळी भलंमोठं पोस्टर लागलं. ती तेव्हा एका नवशिक्या बाईला गाडी मागे घ्यायला शिकवत होती, त्यामुळे तिचं सगळं लक्ष मागच्या काचेत. शेवटी चहावाल्याने हाक मारली, "ताई, समोर बघा जरा. तुम्हीच आहात की."

समोर बघितलं तर खरंच तीच होती. तरुणपणची, ओलीचिंब, डोळे मिटलेली, कपाळावर रक्ताचा ओघळ. आणि तिला दोन्ही हातांवर उचलून नदीतून बाहेर येणारा एक उंच, तरणाबांड कर्नल. खाली लिहिलं होतं : ज्याने एकीला बुडू दिलं नाही, तो देशाला बुडू देईल?

तो कर्नल आता जनरल झाला होता, आणि सरकारने देशाच्या तिन्ही दलांचा प्रमुख म्हणून त्याचं नाव पुढे केलं होतं. संसदेच्या समितीपुढे सुनावणी व्हायची, मग मतदान, मग नेमणूक. तोवर गावभर नुसता काथ्याकूट चालला होता. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली माणसं फेस पुसायचं विसरून भांडत होती. एक म्हणे, माणूस वाघ आहे. दुसरा म्हणे, वाघाला राखणीला कोण ठेवतं? ज्यांनी आयुष्यात उंदीर मारला नव्हता, तेही सैन्य कसं चालवावं ते सांगत होते.

गिअरताईने पोस्टरकडे बघितलं, गाडी बंद केली आणि बाईला म्हणाली, "आज एवढंच. उद्या या."

तिचा बाप पाण्याचा टँकर चालवायचा. आई लवकर गेली, म्हणून पोरगी बापाबरोबर टँकरमध्येच वाढली. पाय पॅडलला पोचायच्या आधी तिला आवाजावरून गिअर ओळखता यायचा. नाव पडलं ते तेव्हाच. पुढे सैन्यात रुग्णवाहिकेवर चालक हवेत म्हणून जाहिरात आली. आत्या म्हणाली, "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" बाप म्हणाला, "टँकर शोभला, मग ते का नाही शोभणार?" आणि ती गेली.

ज्या लढाईत तो फोटो निघाला, तिथे एका नदीवर पिंपांवर तरंगणारा तात्पुरता पूल टाकला होता. पूल बांधणारा तरुण अधिकारी होता. चालक मंडळी त्याला पूलसाहेब म्हणायची. रात्रीत पाणी चढलं. सकाळी ताफा आला तेव्हा पूलसाहेब कर्नलसमोर हात आडवे पसरून उभा राहिला. गिअरताईची रुग्णवाहिका अगदी शेजारी होती, मागे दोन जखमी जवान, तिची काच खाली. तिने शब्द न् शब्द ऐकला.

"सर, एकेक हलकी गाडी सोडतो. भरलेले ट्रक आज नकोत. पूल धरणार नाही."

"तुझ्या पुलासाठी मी युद्ध थांबवू?" कर्नल म्हणाला. "सगळा ताफा. लगेच."

पूल मध्यावर तुटला. पुढचा ट्रक गेला, त्याच्यामागे रुग्णवाहिका. कर्नलने काठावरून बुटांसकट उडी घेतली, कोपराने काच फोडली आणि तिला बाहेर खेचलं. मागचे दोघे आणि ट्रकमधली माणसं सापडली ती दुसऱ्या दिवशी, खूप खाली. काठावर एक फोटोग्राफर उभा होता. फोटो देशभर गेला. कर्नलला पदक मिळालं. चौकशीत ठरलं की पूल नीट बांधला नव्हता, आणि पूलसाहेबाला घरी पाठवलं. गिअरताईने दवाखान्यातल्या खाटेवरून ऐकलं ते सगळं सांगितलं होतं. साक्षीदार मानसिक धक्क्यात आहे, असा शेरा मारून ते बाजूला टाकलं गेलं. काही वर्षांनी ती सैन्यातून बाहेर पडली, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका शांत माणसाशी तिचं लग्न झालं आणि तिने ड्रायव्हिंग स्कूल काढलं.

पोस्टर लागलं त्याच आठवड्यात जनरलांचा एक सल्लागार घरी आला. चकचकीत बूट, हातात फुलांचा गुच्छ. तो सासूबाईंच्या पाया पडला, त्यामुळे अर्धी लढाई त्याने तिथेच जिंकली.

"तुम्ही समितीसमोर यायचं," तो म्हणाला. "फार काही नाही. घडलं ते सांगायचं."

"घडलं ते सगळं सांगू?"

"अर्थात. सगळं."

"मी पुलाबद्दलही सांगेन," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. मागाहून फसवलं म्हणू नका."

तो हसला. "ताई, तुमच्या मनात आहे ते बोला. लोकांना तेच हवंय." माणसाला जे ऐकायचं नसतं, ते त्याच्या कानात शिरत नाही. तिने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तो मान डोलावून बिस्किट खात राहिला.

दुसऱ्या दिवशी विरोधी बाजूच्या एकाचा फोन आला. कुठून वास लागला कोण जाणे. त्याला हवं होतं की तिने जनरलला भित्रा म्हणावं. त्या दिवशी तो प्यायलेला होता, असंही जमलं तर सांगावं.

"प्यायलेले नव्हते," ती म्हणाली. "आणि भित्रा? तुम्ही त्या पाण्यात पाय तरी घातला असता का? पुन्हा फोन करू नका."

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी तोंड उघडलं. "ज्याने जीव वाचवला त्याच्याविरुद्ध बोलणार म्हणे तू. उपकाराची फेड अपकाराने करायची, हे कुठलं वळण?"

"आई, उपकार माझ्यावर झालेत. ते मी फेडीन. देशाने का फेडायचे?"

"तू नाही बोललीस तर काय आभाळ कोसळणार आहे? विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

"पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, असं तुम्हीच म्हणता ना आई? मग पुढच्याची ठेच झाकून ठेवली तर मागचा शहाणा व्हायचा कसा?"

सासूबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि मुलाकडे बघितलं. नवरा जेवता जेवता थांबला. दुकानात वर्षानुवर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्याला एक सवय जडली होती. समोरच्याला जे दिसतं ते त्यालाच म्हणू द्यायचं. तो एवढंच म्हणाला, "मी बरोबर येतो. समितीच्या इमारतीजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणतात."

जायच्या आधी तिने पूलसाहेबाला फोन केला. तो आता एका दूरच्या गावात पाण्याचे पंप विकत होता. त्याने आवाज ओळखला.

"ताई, मला यात ओढू नका," तो म्हणाला. "मुलांना यातलं काही माहीत नाही. मी विसरलोय."

"तुमचं नाव घेणार नाही, साहेब. पण मी गप्पही बसणार नाही. त्या पुलावर तुम्ही एकटे नव्हता. मीही होते."

त्याने फोन ठेवला. रागाने ठेवला की कसा, ते तिला कळलं नाही. एक क्षण तिला वाटलं, आपण कोण या माणसाची खपली काढणार? मग आठवले ते रुग्णवाहिकेत मागे झोपलेले दोघे. त्यातला एक पूल लागेपर्यंत तिच्याशी बोलत होता; गाडी हळू चालवा, माझा पाय हलतोय, म्हणून कुरकुरत होता. त्याच्या बाजूने फोन ठेवायलाही कोणी उरलं नव्हतं.

सुनावणीचा हॉल तिला वाटला होता त्याहून लहान निघाला. अर्धवर्तुळात सभासद, मध्ये जाड चष्म्याच्या अध्यक्षबाई, बाजूला कॅमेरे. पहिल्या रांगेत जनरल बसले होते, ताठ, पांढरे झालेले केस मागे वळवलेले. तिला बघून ते उठून उभे राहिले आणि मान लववली. तिलाही आपसूक टाचा जुळवाव्याशा वाटल्या. सल्लागार मागून हसून बघत होता.

सरकारी पक्षाच्या सभासदाने सुरुवात केली. "ताई, जनरलसाहेबांनी तुमचा जीव वाचवला, हे खरं ना?"

"खरं आहे. ते नसते तर मी आज इथे नसते."

"स्वतःच्या जिवाची पर्वा न करता?"

"हो. असा शूर माणूस मी दुसरा पाहिला नाही."

"म्हणजे ते या पदाला योग्य आहेत, असंच तुमचं मत आहे."

"नाही," गिअरताई म्हणाली. "माझं मत तसं नाही."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. सभासद म्हणाला की आपला प्रश्न संपला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "साक्षीदाराचं उत्तर संपलेलं नाही. बोला."

ती बोलली. पाणी कसं चढलं, कोण काय म्हणालं, हुकूम कोणता सुटला. अधिकाऱ्याचं नाव तिने घेतलं नाही. सांगताना तिचा आवाज चढला नाही, पण हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "त्यांनी मला पाण्यातून काढलं," ती म्हणाली. "पाण्यात घातलं तेही त्यांनीच. पोस्टरवर फक्त काढलेलं दिसतं."

सभासदाला मिरच्या झोंबल्या. "तुमच्या त्या वेळच्या जबाबावर शेरा आहे. तुम्ही धक्क्यात होता."

"होते की. गाडीसकट नदीत पडलेलं माणूस धक्क्यात नसेल तर कशात असेल? पण माझे कान काही नदीत वाहून गेले नव्हते."

कोणीतरी हसलं. सभासद लाल झाला. "तुम्ही साध्या चालक. युद्धात हुकूम कसा द्यायचा ते तुम्ही शिकवणार?"

"मी काही शिकवत नाही, साहेब. हुकूम ज्यांच्यावर पडतो त्यांच्यापैकी मी एक आहे. ज्यांचं मत तुम्ही विचारायला हवं, त्यातले बाकीचे त्या दिवशी संपले. म्हणून मी आले."

अध्यक्षबाईंनी जनरलकडे वळून विचारलं, "आज तोच पूल आणि तीच नदी समोर असती, तर आपण काय केलं असतं?"

जनरलनी क्षणभरही विचार केला नाही. "तोच हुकूम दिला असता."

अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. 

बाहेरच्या बोळात ती नवऱ्याची वाट बघत उभी होती, तेव्हा जनरल एकटेच तिच्यासमोर आले. जवळून ते थकलेले दिसत होते.

"मी तुला उचललं तेव्हा तू श्वास घेत नव्हतीस," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर. मी ते कधीच विसरणार नाही."

"मग हे का केलंस?"

"तुम्ही आत एकदा म्हणाला असता की तेव्हा माझं चुकलं, तर मी माझे शब्द तिथल्या तिथे मागे घेतले असते. म्हटलं असतं, पद द्या यांनाच. पण तुम्ही दुसऱ्याला घरी पाठवू दिलंत आणि पदक घेतलंत."

"चुका कबूल करत बसलो तर सैन्य चालत नाही."

"पूल वजन बघतो, सर. हुद्दा बघत नाही. आता तुमच्या हातात सगळेच पूल येतील."

त्यांनी टोपी घातली. बोळाच्या टोकाला कॅमेरे आले होते. ते चेहऱ्यावर हसू आणून तिकडे गेले.

समितीने जनरलच्या बाजूने कौल दिला, पण निसटता. सरकारी पक्षातल्या दोघांनी विरोधात मत टाकलं, एवढीच काय ती खळबळ. नेमणूक झाली, मिरवणूक निघाली, भाषणं झाली. गिअरताईने पोस्टरवाल्यांना फोन करून बजावलं की माझा चेहरा काढा, नाहीतर मी स्वतः शिडी लावून काढीन. चार दिवस वाट पाहिली आणि मग खरंच शिडी लावून स्वतःला अख्खं कापून काढलं. चहावाल्याने खालून शिडी धरली. कर्नल भिंतीवर तसाच राहिला, रिकामे हात पुढे धरून.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. शिकायला येणाऱ्यांपैकी निम्मे यायचे बंद झाले. किराणावाला तिला बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागे. सासूबाईंच्या मैत्रिणींनी येणं थांबवलं. तेव्हा मात्र सासूबाई बिथरल्या. "माझी सून चुकली असेल तर तिला मी बोलीन, तुम्ही कोण?" असं त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकवलं. घरात त्यांचं मत काही बदललं नव्हतं. रोज एकदा त्या अजूनही म्हणत, "नसती उठाठेव."

एके सकाळी स्कूलच्या गाडीच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने लिहून ठेवलं : कृतघ्न. अक्षरं मोठी, रंग ओघळलेला. नवरा चष्मा वर करून बघत राहिला. "रंगाऱ्याला बोलावतो. दुपारपर्यंत निघेल."

"राहू द्या."

"अगं, लोक वाचतील."

"वाचू देत. सगळ्यांच्या मनात आहे ते, दारावर असलेलं बरं. आणि शुद्धलेखन बरोबर आहे, एवढं तरी कौतुक करा."

ज्या नवशिक्या बाईला पोस्टरच्या दिवशी ती मागे जायला शिकवत होती, ती त्या दिवशी शिकायला आली. गाडीजवळ थबकली, दारावरचं वाचलं, आणि हँडलला हात लावावा की नाही ते तिला कळेना. "घरी नको म्हणत होते," ती हळूच म्हणाली. "मी आले."

"मग बसा. आज आपण बाजारातून जायचं."

"बाजारातून? ही अशी गाडी घेऊन?"

"ही अशीच. गर्दीत चालवता आली की कुठेही येते."

बाईने गाडी सुरू केली. गाडी दोन आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली. न्हाव्याच्या दुकानातून दोन-तीन माना बाहेर आल्या, चेहऱ्यांवर फेस तसाच. किराणावाला दारात आला. गिअरताईने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि म्हणाली, "घाई करू नका. सगळ्यांना नीट वाचता येईल अशी हळू घ्या."