तिच्या मागे उभं राहून गाताना

आमच्या गायन पार्टीत चारच माणसं होती. ढोलकीवाला ओतूरचा. कीबोर्ड वाजवणारा नारायणगावात मोटारींचं वाइंडिंग करायचा. कोरसला मी, अंगणवाडीतली मदतनीस, आणि मधोमध ती. शब्द तिचे, चाली तिच्या, आवाज तिचा. बाकी आम्ही तिघं तिच्या आधारानं उभे.

ती पिंपरी पेंढारची. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला अक्का म्हणायची. आमची ओळख लेण्याद्रीच्या पायथ्याशी झाली. महिला मंडळाची सहल होती आणि ती झाडाखाली कांदा चिरत काहीतरी गुणगुणत होती. मी नकळत खालचा सूर धरला. तिनं सुरी थांबवून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, तुमी आमच्यात या. मागं कुणीतरी पायजे. एकटीला लई भ्या वाटतं मला."

एवढ्या खड्या आवाजाच्या बाईला कसली भीती, असं तेव्हा वाटलं होतं.

मग जयंतीचे कार्यक्रम, हळदी, नामकरणं. जीपमध्ये बसलं की ती गाणं रचायला घ्यायची. एक ओळ झाली की ती आमच्याकडून म्हणवून घ्यायची, मग पुढची. कागदाला तिनं कधी हात लावला नाही. तळेघरला एकदा भातलावणीच्या दिवसांत कार्यक्रम झाला. तिथल्या बायकांना दिवसभर वाकलेलं बघून आली आणि समोर बसलेल्या त्याच बायकांपुढं ती गायली,

"चिखलात रोवला पाय मी बाई, रोप धरलं हाती गं,
पाय माझा भिजू दे बाई, लेकीची कोरडी पाटी गं."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून आली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून परत जाऊन बसली. तिनं गाणं थांबवलं नाही, पण आवाज हलला. मी मागून सावरून घेतलं.

पुढं हे सावरणं वाढत गेलं. तिच्याच गावच्या जयंतीला, वरच्या पट्टीतल्या ओळीला, तिनं पाठीमागं हात नेऊन बोटं हलवली. ती ओळ मी घेतली. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, ओठ काळपट पडलेले.

"काय होतंय गं?"

"काय न्हाई. दम पुरत न्हाई आताशा."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप खराब आहे. लहानपणी ताप येऊन गेला असेल, तेव्हापासूनचं हे दुखणं. ऑपरेशन करावं लागेल. तिनं त्यांना एवढंच विचारलं, "आवाज ऱ्हाईल ना पयल्यासारखा?"

"आधी तुम्ही राहा. आवाजाचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन ती हसली. "आवाजाबिगर मी ऱ्हाऊन काय करू, अक्का?" मी तिला रागावले. चेष्टेतसुद्धा असं बोलू नये म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वॉर्डात तिच्याजवळ होते. तिनं मला जवळ बोलावून नवं गाणं ऐकवलं, अगदी हळू, शेजारच्या पेशंटला त्रास नको म्हणून. धृपद झालं, पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला नुसतीच चाल होती. "शब्द घरी गेल्यावर घालू," ती म्हणाली. ऑपरेशन नीट झालं, असंच आम्हाला सांगितलं होतं. नंतर जंतुसंसर्ग झाला, आणि ती शुद्धीवर आलीच नाही. काचेच्या दारातून तिची आई आत बघत राहायची, आणि आम्ही तिघं आईकडं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत वंदना झाली, माणसं बोलली. मग तिची आई मला म्हणाली, "तू म्हण ना गं तिचं गाणं. तुला समदी येत्यात." मी उभी राहिले. ढोलकीवाल्यानं हलका ठेका धरला. मी सुरू केलं, पण माझ्या तोंडून खालचाच सूर येत होता. इतकी वर्षं मी तेवढाच गायले होते. वरच्या सुराची जागा मोकळी पडली होती, आणि ती सगळ्या मांडवाला ऐकू येत होती. ढोलकीवाल्यानं हात उचलला. तो रडत होता. गाणं तिथंच संपलं.

त्यानंतर पार्टी म्हणून आम्ही एकत्र आलो नाही. मोबाइलवर काही कार्यक्रम आहेत, पण भोंग्याच्या आवाजात तिचा आवाज फाटतो. मध्ये मला तिनं आईवर रचलेल्या गाण्यातली एक ओळ आठवेना. 'उंबऱ्याशी थांबली' की 'अंगणाशी थांबली'? कीबोर्डवाल्याला फोन केला, तो म्हणाला अंगण. मला उंबरा वाटत होता. ढोलकीवाला म्हणाला, "मी ताल ऐकायचो, अक्का. शब्द कुठं ऐकत व्हतो?" रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तिथं शिट्ट्या वाजतायत. आता ते कुणाला विचारायचं? ती ओळ आली की मी दोन्ही शब्द गिळते आणि पुढं जाते. हळूहळू अशा जागा वाढतायत.

परवा घोडेगावकडच्या एका मंडळाच्या पोराचा फोन आला. "ताई, औंदा तुमची पार्टी पायजे आमाला."

"पार्टी राहिली नाही आता."

"आन् त्या गाणाऱ्या ताई?"

त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो संकोचत म्हणाला, "लई वाईट झालं, ताई. मग... दुसरं कोण हाय का तसं गाणारं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला कार्यक्रम लावायचा होता. मी नाही म्हणाले. अंगणवाडीतली पोरं जेवायला बसली होती. मी उठून त्यांना खिचडी वाढायला गेले.