बारा चेहरे आणि एक उडी

मंगळवार, जानेवारीचा पहिला पंधरवडा, सकाळी अकरा. जागा, भोकरदन तालुक्यातलं आमचं सब पोस्ट ऑफिस. हजर: पोस्टमास्तर म्हणजे मी, काउंटरला जाधव, खुर्चीवर नाना, त्यांच्या मागे पेनड्राइव्ह घेऊन फ्लेक्सवाले सलीमभाई, आणि दाराशी उभ्या सुमनबाई. गैरहजर: सुमनबाईंची मुलगी अश्विनी. सगळे तिच्यासाठीच जमले होते.

अश्विनी केदारखेड्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. निमलष्करी दलात भरती झाली, पोस्टिंग डोंगरात मिळालं, तिथे स्कीइंग शिकली आणि पुढे स्की जंपिंगला लागली. हा खेळ मलाही तेव्हाच कळला. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या उंच उतारावरून घसरत यायचं आणि टोकाला स्वतःला हवेत झोकून द्यायचं. हवेत अंग सपाट ठेवून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं आणि पायांवर उतरायचं. या हिवाळ्यात ती देशात पहिली आली. जिथे गारा पडल्या तरी लोक बादली घेऊन बाहेर धावतात, त्या भागातली मुलगी.

नानांना तिच्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढायचं होतं. नाना म्हणजे आमच्याकडचे पुढारी. सध्या पद नाही, पण कार्यक्रम थांबलेले नाहीत.

इथे थोडं समजावून सांगते. एखाद्याच्या गौरवाचं खरं तिकीट दिल्लीत ठरतं, आणि जिवंत माणसावर ते सहसा निघत नाही. आमच्या हातात असतं ते ‘माय स्टॅम्प’. त्यात नेहमीच्या तिकिटाला जोडून तुमचा फोटो छापून येतो. पाकिटावर लावलं की पत्र जातं. अर्ज, ओळखपत्र आणि फोटो, एवढं लागतं.

“मॅडम, एका पानावर बारा तिकिटं निघतात, बराबर?” नानांनी विचारलं.

“बराबर.”

“मंग बारा फोटो बसतात. आमचे बारा जण ठरलेत.”

“नाना, बाराही तिकिटांवर एकच चित्र येतं.”

“मंग एकाच चित्रात बारा बसवा. सलीमभाईनं बसवलेच हायेत. दाखवा हो.”

सलीमभाईंनी डिझाईन उघडलं. वरच्या रांगेत पाच चेहरे. मधे काळा गॉगल लावलेले नाना. दोन्ही बाजूंना गोल चौकटीत तीन तीन शुभेच्छुक. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, नानांच्या घड्याळाजवळ, अश्विनी. हवेत झेपावलेलं अंग, पायाखाली बर्फ आणि हेल्मेटच्या जागी नथ, झुमके, गजरा घातलेला चेहरा. सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा.

“सलीमभाई, हे काय?”

“मॅडम, हेल्मेटमधी चेहरा दिसूनच न्हाई राह्यला. लोकांनी वळखायचं कसं? म्हनून घरचा फोटो लावला. मान बघा, कशी जुळवली.”

मान खरंच छान जुळली होती.

“आणि ती इतकी लहान का?”

“आपल्याकडं जितका बडा आदमी तितका बडा फोटो. बीस साल हेच करून राह्यलो. हाच फ्लेक्स फाट्यावर लागला बी, काल संध्याकाळी.”

दाराशी उभ्या असलेल्या सुमनबाई पुढे आल्या. “मॅडम, तो फोटो म्याच देल्ता. घरात तेवढा एकच व्हता. पन पोरगी फोनवर रडली.”

“का?”

“स्थळं पहायची तवा काढल्ता तो. गावोगाव फिरून आला. कोनी म्हने रंग, कोनी म्हने उंची. दर वेळी पाकिटात वापस. ती म्हनते, आई, त्यो चेहरा नको. माझी उडी लावा.”

नाना हसले. “आता तर चांगली स्थळं येतील, सुमनबाई. नथ कामाला यील.”

सुमनबाई हसल्या नाहीत. मीही नाही. मी ड्रॉवरमधून अर्ज काढला. अश्विनीने आठवड्यापूर्वीच स्पीड पोस्टाने पाठवला होता. स्वतःची सही, ओळखपत्राची प्रत आणि तिचा फोटो: निळं आकाश, हेल्मेट, गॉगल, आणि इंग्रजी व्हीसारख्या उघडलेल्या दोन पट्ट्या. दुसरं कोणी नाही.

“नाना, अर्जदार ही आहे. फोटो तिने दिला आहे. हाच जाईल.”

“आन आम्ही?”

“तुम्हाला तुमचं तिकीट हवं असेल तर वेगळा अर्ज देते. जाधव, एक फॉर्म द्या नानांना.”

जाधवांनी लगेच फॉर्म पुढे केला. ते कधी एवढ्या तत्परतेने फॉर्म देत नाहीत.

नानांनी फॉर्मकडे बघितलंही नाही. “शंभर पानांची ऑर्डर आणल्ती मी. मंडप सांगितला. पाहुने सांगितले. सगळं कॅन्सल होईल, मॅडम.”

“ते तुमच्याकडे.”

“तुमच्या साहेबाला फोन लावतो.”

“लावा.”

पंधरा मिनिटांत माझा फोन वाजला.

“मॅडम, चांगली ऑर्डर आहे. थोडं ॲडजस्ट करा ना.”

“सर, लेखी द्या. लगेच करते.”

“एवढ्यासाठी लेखी कशाला?”

“मग तोंडी नाही म्हणते.”

मग साहेब दुसऱ्या बाजूने आले. “अहो, पण तुमच्या त्या फोटोत चेहराच दिसत नाही. ती कोणीही असू शकते.”

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याची तयारी मी आधीच केली होती. छातीवरच्या पट्टीवर स्पर्धेतला नंबर होता. प्रमाणपत्रावर तोच नंबर, समोर तिचं नाव. प्रमाणपत्राची प्रत तिच्याकडून मागवून मी अर्जाला जोडली होती.

“आणि सर, देशात ही उडी मारणाऱ्या मुली असून असून किती असणार? कोणीही कशी असेल?”

“पाठवा. परत आलं तर जबाबदारी तुमची.”

“एरवी कोणाची असते, सर?”

नाना उठले. “चला सलीमभाई. बघतो कार्यक्रम कसा होतो.” ऑर्डर गेली, मंडप गेला. सलीमभाई दारात घुटमळले, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि म्हणाले, “फोटो भारी हाय, मॅडम. पन तो फ्लेक्सवर चालत न्हाई.”

सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या. “माझ्यापाई तुम्हाला वरून बोलनं...”

“पानं किती हवीत, सुमनबाई?”

“एक.”

एका पानाचा अर्ज गेला, मंजूर झाला आणि पान छापून आलं.

अश्विनी सुट्टीवर आली तेव्हा कार्यक्रम आमच्या काउंटरवरच झाला. जाधवांनी चहा सांगितला. मंडप नव्हता, सूत्रसंचालन नव्हतं, त्यामुळे चहा गरम मिळाला. अश्विनी मोजकं बोलणारी. पान हातात घेऊन तिने बराच वेळ बघितलं. मग पिशवीतून पत्ते घातलेली पाकिटं काढली आणि एकेकावर तिकीट लावायला बसली.

सुमनबाईंनी पत्ते वाचले आणि कपाळाला हात लावला. “अगं, ही तर सारी...”

“हो आई. ज्यांनी फोटो वापस पाठवले ते. हसनाबादचे, वडीगोद्रीचे. सगळे.”

जाधवांनी एक पाकीट उचलून वजन बघितलं. “ताई, आत काहीच न्हाई?”

“न्हाई काका. नवा फोटो पाठवतेय. तो बाहेरच हाय.”

आमच्याकडे तारखेचा शिक्का असा हाणतात की तिकिटावरचा माणूस ओळखू येत नाही. जाधवांचा शिक्का तर शेजारच्या टेबलावरचा चहा सांडतो. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर, अलगद उमटवला. मला सांगावं लागलं नाही.

शेवटचं पाकीट नानांच्या नावाचं होतं. दोन दिवसांनी ते फोडलेलं पाकीट घेऊन नाना हजर.

“मॅडम, यात पत्र न्हाई.”

“पत्र नाहीच, नाना. तिकीट बघा.”

त्यांनी चष्मा लावला. पाकीट लांब धरलं, जवळ आणलं. “लई बारीक दिसून राह्यली.”

“लांब गेलीय, नाना.”

नानांनी पाकीट फेकलं नाही, घडी न करता वरच्या खिशात ठेवलं.

या प्रकरणातून शिकले ते एवढंच. तिकीट अंगठ्याएवढं असतं. त्यात एकच गोष्ट मावते, आणि ती कोणती ते जिची गोष्ट आहे तिने ठरवावं. आणि वरून तोंडी हुकूम आला तर लेखी मागावा. बरेचसे हुकूम तिथेच संपतात.

माझ्या कामाच्या यादीत अश्विनीच्या नावाखाली चार नोंदी होत्या. तीनवर रेघ मारली आहे. चौथी तिने जाताना घातली, “मॅडम, तेवढं बघा.” फाट्यावरचा फ्लेक्स अजून तसाच आहे. उन्हाने नाना फिके पडलेत, नथ मात्र अजून चमकते. ग्रामपंचायत म्हणते खांब आमचा नाही, वीजवाले म्हणतात फ्लेक्स आमचा नाही. सलीमभाईंनी शिडी देतो म्हणून कबूल केलंय, मात्र स्वतः चढणार नाहीत. जाधवांना उंचीची भीती.

म्हणजे चढायचं मलाच. फ्लेक्स उतरवणे: बाकी.