आईची चाल, दादाची पुली

फोन दादाच्या मोबाइलवरून आला, पण बोलत होते गोपशेठ. "दीदी, सुधाकर साईं उठ नहीं रहा. चाय रखी थी, ठंडी हो गयी..." मी मेथी निवडत होते. खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की हा माणूस दुपारचा झोपायला कधीपासून लागला? मग गोपशेठचा आवाज फुटला आणि सगळं कळलं. मी बदलापूरहून उल्हासनगरला पोचले तेव्हा भाचा अमोल आधीच तिथे होता. दादा गाळ्यातल्या खुर्चीत तसाच बसलेला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. लेथ बंद केलेलं होतं. म्हणजे काम संपवून, मशीन बंद करून, मगच गेला. हे अगदी त्याच्यासारखं झालं.

कॅम्प दोनमध्ये गोपशेठचं चेन-बटणांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या गाळ्यात माझा थोरला भाऊ सुधाकर जुन्या घरगुती प्रोजेक्टरांचे नवे पार्ट बनवायचा. घरातल्या भिंतीवर छोटी फिल्म दाखवायचं ते मशीन. एके काळी हौशी लोकांकडे असायचं. आता ती मशीनं माळ्यावर पडून असतात. रबरी पट्ट्याचं वितळून डांबर झालेलं असतं, नायलॉनच्या गिअरला चीर गेलेली असते आणि कंपन्या तर केव्हाच बुडालेल्या. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे रडत बसले आणि याने सेकंडहँड लेथ घेतलं. गिअर, पट्टे, फिल्म ओढणारी नखी, रिकामी रिळं, जुन्या दिव्याच्या जागी बसणारा नवा एलईडी... काय म्हणाल ते बनवायचा. अमोलने त्याचे व्हिडिओ टाकल्यापासून तर पार परदेशातून पार्सलं यायला लागली. गोपशेठचा सल्ला ठरलेला, "साईं, इसपे जर्मनी लिख दे, फटाफट जाएगा." दादा म्हणायचा, "जर्मनीचा होता तोच तर तुटलाय, शेठ!"

त्याच्या कामात एक गोष्ट मात्र जगावेगळी होती. पार्ट बसवला, मशीन फिरलं, की दुसरा कोणीही पैसे घेऊन मोकळा होईल. दादा तसं करायचा नाही. मोटरवरच्या पितळी पुलीच्या जाडीवर फिल्मचा वेग ठरतो. पुली जाड, तर पडद्यावरची माणसं धावतात. बारीक, तर रेंगाळतात. पितळ कापून कमी करता येतं, जोडून वाढवता येत नाही, म्हणून तो पुली नेहमी जराशी जाडच कातायचा. मग गिऱ्हाइकाला सांगायचा, घरची फिल्म घेऊन या, आणि फिल्ममधल्या माणसाला ओळखणारं कोणीतरी बरोबर आणा. ते बघून सांगणार, हा एक एक घास कापणार. वेग मोजायचं यंत्र होतं की त्याच्याकडे! पण म्हणायचा, "यंत्राने चालतं मशीन. माणूस कसा चालायचा ते त्याच्या घरच्यांनाच विचारावं लागतं." एकदा नाशिकहून एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांच्या मिस्टरांची फिल्म घेऊन. मी नेमकी तिथे होते. बाई दर वेळी मान हलवायच्या, "अंहं. इतक्या गडबडीत ते कधीच नसत." दादा परत लेथवर. शेवटी एकदा मिस्टर पडद्यावर बागेतून चालत आले आणि बाईंनी हाताने थांबा अशी खूण केली. मग म्हणाल्या, "आता चहा सांगा."

पण दिव्याखाली अंधार... आमच्या स्वतःच्या फिल्मवरून आम्हा बहीणभावांचं जन्मात जमलं नाही.

वडील एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेबांना शूटिंगचा भारी नाद. बदली होऊन जाताना त्यांनी प्रोजेक्टर आणि आमच्या चाळीत काढलेली एक छोटी फिल्म वडिलांना देऊन टाकली. मुकी फिल्म, जेमतेम चार मिनिटांची. नळावरून आई येतेय, डोक्यावर भरलेला हंडा, कडेवर मी. मी तेव्हा तान्ही. तेवढ्यात चाळीच्या दारातून दादा येतो, सोळा वर्षांचा, डावा खांदा खाली टाकून, आणि आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतो. संपली फिल्म. आमच्या आईचं चालतं-फिरतं असं जगात एवढंच उरलंय.

त्या प्रोजेक्टरची पुली फुटली तेव्हा दादाने पहिली पुली बनवली. मला बोलावून घेतलं, लावली, आणि आई तुरुतुरु चालायला लागली. मी म्हटलं, "ही कोण बाई? आपली आई अशी पळत नव्हती." दादाने कापलं. मी म्हटलं, अजून कमी कर. पुन्हा कापलं. "अजून." शेवटी तो भडकला, "हिचं ऐकलं तर आई उभीच राहील! अगं रत्ने, तू तिच्या कडेवर होतीस, तुला काय दिसणार?" मला काय दिसणार म्हणजे? मला कळायला लागल्यापासून आईचे गुडघे गेलेले. ती भिंतीला धरून, थांबत थांबत चालायची आणि तीच माझी आई होती. मी हटले नाही. तोही हटला नाही. पहिली पुली माझ्यापुरती कापून झालीच होती, म्हणून त्याने स्वतःपुरती दुसरी कातली. माझ्या पुलीवर 'र' कोरला, त्याच्या पुलीवर 'सु'. दोन्ही बामच्या एका रिकाम्या डबीत. दर वर्षी आईच्या स्मृतिदिनाला फिल्म लावायची. माझ्या घरी असली तर माझी पुली, त्याच्या घरी असली तर त्याची. लोकांत जमिनीच्या वाटण्या होतात, आम्ही आईच्या चालीची केली.

माझ्या पुलीवर दादा हंडा घ्यायला असा काही यायचा, की जसं कोणी मागून ढकलून पाठवलंय. मी दर वेळी चिडवायचे, "बघा बघा, आईच्या डोक्यावर ओझं आणि लाडोबा कसा रेंगाळत येतोय!" पोरंबाळं हसायची. दादाही हसायचा. पण एवढंच म्हणायचा, "पुली बदल, मग बोल." त्याच्या घरी तो झपझप यायचा, ते बघून मी म्हणायचे, इथे सगळेच पळतात, तुझं काय कौतुक!

मागच्या वर्षी त्याला दम लागायला लागला. रिक्षातून प्रोजेक्टर घेऊन आला आणि माझ्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीनदा बसला. डबी माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे धूड आता तुझ्याकडेच राहू दे. दोन्ही पुल्या ठेव. हा स्क्रू ढिला करायचा, पट्टा उतरवायचा, झालं. इकडे बघ, नीट बघ." मी म्हटलं, "मला कशाला शिकवतोस? तू आहेस ना." तो पट्टा पुन्हा चढवून दाखवत राहिला... मी मात्र पोह्यांना फोडणी द्यायला उठले.

दादाचा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. नंतर काही दिवसांनी आईचा स्मृतिदिन आला. यंदा नको, असं मी म्हणत होते, पण वहिनी स्वतःहून आल्या, अमोलला घेऊन. संध्याकाळी खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर फिल्म सुरू केली. घर माझं, म्हणून पुली माझी. आई आली, माझी आई, सावकाश. मग दादा दारातून निघाला. मी सवयीने तोंड उघडलं आणि चिडवायला समोर कोणी नव्हतं.

वहिनी भिंतीकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, हे इथे आजारी वाटतात हो. शेवटी शेवटी चालायचे ना, तसे."

खरंच होतं ते. सोळा वर्षांचा माझा भाऊ मागच्या वर्षी जिना चढला तसा चालत होता. आईच्या चालीबद्दल मी जन्मभर वाद घातला असता, पण दादाची चाल? ती मला कोणी सांगायची गरज नव्हती. शाळेत सोडायला न्यायचा तेव्हा त्याच्या एका पावलाला माझी तीन पावलं पडायची. "दादा, थांब ना रे!" करत त्याच्या मागे धावतच मी मोठी झालेय.

"आत्या, मी करू?" अमोलने विचारलं. म्हटलं, नको, मला शिकवलंय. स्क्रू ढिला केला. पट्टा उतरवला. 'र' काढली. 'सु' बसवली, फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.

आई आली. पहिल्यांदाच मी न भांडता तिच्याकडे पाहिलं. झपझप चालत होती, पण पळत नव्हती. हंड्यातलं पाणी हिंदकळत नव्हतं आणि कडेवर मी गाढ झोपलेली. पळणाऱ्या बाईच्या कडेवर पोर अशी झोपते होय? तिशीतली, धडधाकट गुडघ्यांची बाई होती ती. माझ्या वाट्याला न आलेली, दादाची आई.

आणि मग दारातून दादा आला. डावा खांदा खाली टाकून, लांब लांब ढांगा टाकत, थेट आईकडे. तिचा हात हंड्याकडे जायच्या आत त्याने तो उतरवूनही घेतला. वहिनींच्या तोंडून "हे बघा, हे!" एवढंच बाहेर पडलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

रेंगाळत नव्हता तो. कधीच नव्हता. मीच त्याला दर वेळी रेंगाळायला लावत होते.

'र' पुली मी डबीत ठेवून दिली. दुसरी मशीनवरच आहे. आता फिल्म लागेल ती तिच्यावरच.