डॉक्टरांचा फ्लेक्स

लपून राहिलेल्या माणसाचा मी चौकात फ्लेक्स लावला. नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की अजून कान तापतात. सरकारविरोधी निदर्शकांवर उपचार केले म्हणून देश सोडावा लागलेले एक परदेशी सर्जन कारेगावात आमच्या खोलीत राहायचे. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या घशात अडकलेलं हाडूक त्यांनी काढलं आणि मला अभिनंदनाची हुक्की आली. फोटो, देशाचं नाव, लोकांची सोय म्हणून पत्तासुद्धा छापला; वर फेसबुकवरही टाकला. डॉक्टर पांढरेफटक पडले. "भाईसाब, मेरी माँ अभी वहीं है।" मी चरफडत शिडीवर चढून फ्लेक्स फाडेपर्यंत पोस्ट गावभर फिरली होती. डॉक्टर बॅग भरून निघाले, तेव्हा आप्पा म्हणाले, "त्यांच्या सरकारला दोन वर्सं डॉक्टर घावला न्हाई, आन् तू येका दिसात दावून मोकळा झालास!"